जीआयएस शिकले, पण पुढे काय? एका विद्यार्थिनीच्या समुपदेशनातून

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे स्थानाशी जोडलेली माहिती संगणकावर नकाशात मांडून तपासण्याचे तंत्र किंवा जीआयएस, शिकणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक काळजी हमखास असते. सॉफ्टवेअर हाताळता येते, नकाशे चांगले तयार होतात, अभ्यासक्रम संपत आलेला असतो; मात्र या शिक्षणातून नेमकी कोणती नोकरी मिळते आणि संशोधनाकडे वळायचे असेल तर सुरुवात कोठून करायची, याचे उत्तर त्यांना सापडलेले नसते. येथे मांडलेला अनुभव अशाच एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या संमतीने तो लिहीत असून तिची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ती भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात होती. अभ्यासात चांगली, कष्टाळू आणि क्यूजीआयएस हे जीआयएसचे मोफत सॉफ्टवेअर सफाईने वापरणारी. तिने नोकरीच्या जाहिराती चाळल्या होत्या. ‘जीआयएस’ हा शब्द पदनामात असलेल्या जाहिराती थोड्याच निघाल्या आणि त्यांपैकी बहुतेकांत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढण्याची एसक्यूएल ही भाषा आणि पूर्वानुभव मागितला होता. दुसरीकडे उपग्रह चित्रांतून इमारती आणि रस्ते आपोआप ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी ती सतत वाचत होती. संशोधनाचे नाव काढले की घरचे विचारत, आणखी किती वर्षे? ती म्हणाली, “मॅडम, मला नकाशे करता येतात, पण तेवढ्यावर मी स्वतःला काय म्हणवून घेऊ? मी धड भूगोलाचीही नाही आणि धड संगणकाचीही नाही.”

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही काळ हा विषय शिकवला असल्याने तिच्या शंका मला परक्या नव्हत्या. तिला काय काय येते याची यादी मी मागितली नाही, कारण अशा याद्या सगळ्यांच्या जवळजवळ सारख्याच असतात. गुण मिळून गेल्यानंतरही मनातून गेला नाही असा एखादा प्रकल्प आहे का, असे मी विचारले. ती थोडी थांबली आणि आरोग्य केंद्रांच्या एका स्वाध्यायाविषयी बोलू लागली. प्रत्येक केंद्राभोवती ५ किलोमीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचे वर्तुळ, काढायचा, त्या वर्तुळाबाहेर राहणारी लोकसंख्या मोजायची आणि अहवाल द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. तिने ते पूर्ण केले होते, परंतु एका वर्तुळाच्या मधून नदी वाहत होती आणि पलीकडच्या वस्तीला पुलापर्यंत बराच फेरा घ्यावा लागणार हे तिला चित्रात स्पष्ट दिसत होते. स्वाध्यायात तसे विचारलेले नसल्यामुळे तिने ते लिहिले नाही.

बोलण्याच्या ओघात तिने आणखी एक गोष्ट संकोचाने सांगितली. पहिल्यांदा बफर काढला तेव्हा वर्तुळे संपूर्ण नकाशा व्यापून बाहेर गेली होती. तिची लेयर, म्हणजे नकाशातील माहितीचा थर, डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत होती, त्यामुळे सॉफ्टवेअरने ५ हा आकडा अंशांमध्ये घेतला होता, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. कारण लक्षात आल्यावर तिने ती लेयर यूटीएमच्या योग्य पट्ट्यात रूपांतरित केली. यूटीएममध्ये पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंशांचे ६० पट्टे केलेले असतात आणि अंतर मीटरमध्ये मोजता येते. हा प्रसंग तिला लाजिरवाणा वाटत होता. मी तिला सांगितले की मुलाखतीत सांगण्यासारखी तुझ्याकडे हीच गोष्ट आहे. बटण कोणते दाबायचे हे पुष्कळांना माहीत असते. उत्तर चुकले आहे हे ओळखणारा आणि ते का चुकले याचा माग काढणारा माणूस मिळणे अवघड असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची तिची भीती निराधार आहे, असे मी तिला सांगितले नाही. उपग्रह चित्रावर हाताने रेषा ओढून इमारती आणि रस्ते उतरवण्याचे डिजिटायझिंगचे काम, ज्यावर पूर्वी अनेकांची पहिली नोकरी उभी राहत असे, ते कमी होत चालले आहे. २०२३ मध्ये नासा आणि आयबीएम यांनी उपग्रह चित्रांवर प्रशिक्षित केलेले प्रिथ्वी हे मॉडेल सर्वांसाठी खुले केले आणि त्यानंतर या क्षेत्राचा वेग वाढतच गेला आहे. केवळ त्याच कामाच्या आशेवर कोणी जीआयएस शिकत असेल, तर त्याने मार्ग बदललेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु एका प्रदेशातील चित्रांवर शिकलेले मॉडेल दुसऱ्या प्रदेशातील घरे, शेते किंवा छपरे चुकीची ओळखू शकते. ही चूक कोठे, किती आणि कोणाच्या वाट्याला येते हे तपासण्यासाठी त्या जागेची आणि त्या विषयाची जाण असलेला माणूस लागतो. नदी पाहून थबकलेल्या या विद्यार्थिनीकडे ती जाण होती, फक्त तिची नोंद कोठेही झालेली नव्हती.

त्यानंतर जाहिराती पुन्हा वाचायला मी तिला सांगितले, मात्र या वेळी पदनाम झाकून केवळ कामाचे वर्णन वाचायचे होते. चित्र बरेच बदलले. मालवाहतुकीचे मार्ग आखणे, मोबाईल मनोऱ्यांच्या जागा ठरवणे, पीकविम्यासाठी नुकसानीचा अंदाज बांधणे, पाण्याच्या किंवा विजेच्या जाळ्याची नोंद ठेवणे, जंगलतोडीवर लक्ष ठेवणे, पूररेषा ठरवणे, साथरोगाचा प्रसार नकाशावर मांडणे, अशा सगळ्या कामांत स्थानाशी जोडलेली माहिती असते, पण पदाचे नाव डेटा अ‍ॅनालिस्ट, नियोजन सहायक, पर्यावरण सल्लागार किंवा सॉफ्टवेअर अभियंता असे असते. जीआयएस हे पुष्कळदा स्वतंत्र खाते नसून दुसऱ्या विषयाच्या आत काम करणारे साधन असते. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवणारे जॉन स्नो हे डॉक्टर होते. १९६० च्या दशकात कॅनडाच्या जमिनींच्या नोंदींसाठी पहिली संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली घडवणाऱ्या रॉजर टॉमलिन्सन यांच्यासमोरही आधी जमिनीचा प्रश्न होता. म्हणून ‘जीआयएसमध्ये काय करू?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या विषयातले प्रश्न मी जीआयएसने सोडवू इच्छिते?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला लवकर वाट दाखवतो. तिच्या बाबतीत उत्तर समोर होते: सार्वजनिक आरोग्य.

आम्ही ठरवले की तिने तोच स्वाध्याय नव्याने आणि प्रामाणिकपणे करायचा. त्यासाठी पैसे लागत नव्हते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ मधील निर्णयानंतर विनामूल्य उपलब्ध झाली आहेत, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरपर्यंत तपशील दाखवणारी चित्रे खुली आहेत, २००४ मध्ये सुरू झालेल्या, कोणीही भर घालू शकेल अशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्यांची माहिती घेता येते आणि वर्ल्डपॉपसारख्या प्रकल्पाकडून सुमारे १०० मीटरच्या चौकटींत लोकसंख्येचे अंदाज मिळतात. एका पिढीपूर्वी असा अभ्यास मोठ्या संस्थेलाच परवडला असता.

वर्तुळाऐवजी तिने रस्त्याने होणारे अंतर मोजायला घेतले आणि येथेच तिची पायथनची अडचण वेगळ्या प्रकारे सुटली. याआधी तिने पायथनचा अभ्यासक्रम दोनदा अर्धवट सोडला होता, कारण त्यातील उदाहरणांशी तिचा काही संबंध नव्हता. आता मात्र प्रत्येक केंद्रासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा हाताने करणे असह्य झाले, तेव्हा तिने जिओपांडाज हे पायथनमधील नकाशांच्या कामाचे साधन वापरून त्या कृतीपुरता छोटा प्रोग्राम लिहिला. माहिती वाढल्यावर पोस्टजीआयएस या स्थानविषयक माहितीसाठ्यात टेबले ठेवली आणि त्यातून एसक्यूएल आले. आधी सगळे कोडिंग शिकून घेऊ आणि मग कामाला लागू, हा विद्यार्थ्यांचा क्रम मला उलटा वाटतो. गरज समोर उभी असताना शिकलेल्या ओळी टिकतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी याच्या उलट बाजूने सांगते: कोड तुम्हाला येतो, आता प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत), मापनश्रेणी आणि नमुना निवड यांकडे वेळ द्या.

रस्त्याने मोजल्यावर वर्तुळाच्या आत दिसणाऱ्या काही वस्त्या मर्यादेबाहेर गेल्या, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होता तो एक संपूर्ण पट्टा, जो नकाशावर केंद्रांपासून पूर्णपणे तुटलेला दिसत होता. तिने उपग्रह चित्र उघडून पाहिले तेव्हा तेथे वाट होती. ओपनस्ट्रीटमॅपवर ती कोणी उतरवलेली नव्हती. तिने त्या वाटा स्वतः नकाशात भरल्या, गणित पुन्हा केले आणि उत्तर बदलले. आरोग्यसेवेपासून दूर असलेल्या लोकांची संख्या ही काही अंशी नकाशा किती पूर्ण आहे याचीही संख्या असते, ही गोष्ट तिला अशी स्वतःच्या कामातून उमगली. त्या दिवशी ती ज्या उत्साहाने बोलत होती, तो पाहून मला फार समाधान वाटले.

संशोधनाचा विषय कसा शोधायचा, असे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देते. विषय पुष्कळदा स्वतःच्या कामातील न पटलेल्या आकड्यात दडलेला असतो, आणि या क्षेत्रात असे न पटणारे आकडे भरपूर आहेत. सीमा बदलल्या की त्याच माहितीतून वेगळा निष्कर्ष निघतो, ही क्षेत्रीय एककांची समस्या अनेक दशकांपासून अभ्यासली जात आहे आणि अजूनही पूर्ण सुटलेली नाही. जवळच्या गोष्टी दूरच्या गोष्टींपेक्षा एकमेकींशी अधिक संबंधित असतात, हे वॉल्डो टॉब्लर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र नेहमीच्या संख्याशास्त्रातील स्वतंत्र नोंदींच्या गृहीतकाला धक्का देते आणि त्यातून अवकाशीय संख्याशास्त्राचे बरेच काम उभे राहिले आहे. खासगीपणाचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे: १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ चार स्थळ-काळाच्या नोंदींवरून ९५ टक्के व्यक्तींचा माग इतरांपासून वेगळा ओळखता आला. नावे काढून टाकली म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असे स्थानाच्या बाबतीत म्हणता येत नाही. मायकेल गुडचाइल्ड यांनी १९९२ मध्ये भौगोलिक माहितीचे ‘विज्ञान’ ही संज्ञा मांडली ती अशाच प्रश्नांसाठी. साधने जितकी झपाट्याने सुधारत आहेत तितकी ही कोडी अधिक तातडीची होत आहेत, आणि म्हणून संशोधनाला वाव नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पुढच्या काम-शिक्षणाच्या कोणत्या वाटांची माहिती तिला हवी होती तीही आम्ही पाहिली. संकटकाळात मदतकार्यासाठी नकाशे भरणाऱ्या ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या कामात कोणीही घरून सहभागी होऊ शकतो आणि यूथमॅपर्स हे विद्यापीठांतील विद्यार्थी गटांचे जाळे आहे. प्रोग्रामिंगची आवड असणाऱ्यांसाठी क्यूजीआयएस, ग्रास यांसारख्या खुल्या प्रकल्पांना पाठबळ देणारी ओएसजिओ ही संस्था गुगल समर ऑफ कोड या, नवोदितांना खुल्या सॉफ्टवेअरवर काम करू देणाऱ्या उपक्रमात अनेक वर्षे भाग घेत आली आहे. पुढील शिक्षणासाठी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील आयटीसी ही भू-माहितीची विद्याशाखा, तसेच म्युन्स्टर, लिस्बन आणि कास्तेयॉन येथील विद्यापीठांनी मिळून चालवलेला जिओस्पेशियल टेक्नॉलॉजीजचा इरॅस्मस मुंडस हा युरोपीय संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम, ही नावे तिने टिपून घेतली. कित्येक देशांत पीएच.डी.ची जागा वेतनासह जाहीर होते, हे कळल्यावर घरच्यांचा सूरही बराच निवळला. आणखी एखादे प्रमाणपत्र मिळवण्याचा तिचा विचार मात्र मी बाजूला ठेवायला लावला, कारण पूर्ण केलेले, पद्धत आणि मर्यादा लिहून ठेवलेले, कोणालाही पुन्हा करून पाहता येईल असे एक काम त्याहून अधिक बोलते.

नोकरी की संशोधन, या प्रश्नावर मी निर्णय दिला नाही. प्रकल्पातील कोणत्या भागावर तू स्वतःहून वेळ घालवलास, एवढेच मी विचारले. प्रोग्राम इतरांना वापरता यावा म्हणून जे विद्यार्थी रात्र जागतात त्यांना सॉफ्टवेअर विकासकाचे काम मानवते. निष्कर्ष अधिकाऱ्यांना समजावून देण्यात ज्यांना गोडी वाटते त्यांना विश्लेषक किंवा नियोजनकाराचे काम. ती मात्र भरलेल्या आणि न भरलेल्या वाटांमुळे आकडा किती हलतो, याच मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा येत होती. तरीही आर्थिक गरज असल्यामुळे तिने आधी नोकरी धरली. सार्वजनिक आरोग्याचे नियोजन करणाऱ्या एका संस्थेत ती डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. मुलाखतीत तिला बफरच्या अंशांची आणि नदीची गोष्ट सविस्तर सांगावी लागली.

नोकरी करतानाच तिने संशोधनाचा दोन पानी प्रस्ताव तयार केला. मार्गदर्शकांना पत्र लिहिताना सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा नाही, ज्यांना लिहायचे त्यांचे निदान दोन शोधनिबंध वाचायचे आणि आपला प्रश्न त्यांच्या कामाशी कोठे जुळतो हे मोजक्या वाक्यांत सांगायचे, एवढे पथ्य तिने पाळले. एका प्राध्यापकांनी उत्तर दिले आणि विचारले की नकाशात नसलेल्या वाटा प्रत्यक्षात किती आहेत, हे जागेवर न जाता तू कसे ठरवणार? काही निवडक चौकटींत उपग्रह चित्रावरून सर्व वाटा हाताने उतरवायच्या, त्यांची तुलना ओपनस्ट्रीटमॅपशी करायची आणि त्यावरून उरलेल्या क्षेत्राचा अंदाज बांधायचा, असा तिचा विचार आहे. चौकटी कशा निवडाव्यात म्हणजे दाट झाडीखालच्या वाटा सुटणार नाहीत, यावर सध्या तिचे काम चालू आहे.