दुसऱ्या राज्यात तिकीट मिळालं तर न्यू जर्सीच्या लायसन्सचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की लायसन्स न्यू जर्सीचं आहे, शार्लटला जाताना व्हर्जिनियात स्पीडिंगचं तिकीट मिळालं, तर ते तिकडच्या तिकडे मिटतं की घरापर्यंत येतं?

येतं. माझं आलं होतं.

आय-९५ हायवेवर, व्हर्जिनियातच, नॉर्थ कॅरोलायनाची हद्द जवळ आलेली. रस्ता सरळसोट, मुलं मागे झोपलेली, बायको तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडत होती. ताशी ६५ मैलांची मर्यादा आणि मी ७८ वर. पोलीस उजव्या बाजूच्या खिडकीशी आला, त्यामुळे त्याने आधी डबा पाहिला आणि मग मला. त्याने तिकिटावर सही मागितली तेव्हा मी घाबरून म्हणालो की मला गुन्हा मान्य नाही. तो शांतपणे म्हणाला, सही म्हणजे कबुली नाही, तारखेला हजर राहीन एवढंच वचन आहे.

कबुली मी नंतर दिली, घरी सोफ्यावर बसून, क्रेडिट कार्डाने दंड भरताना. दंड भरला की गुन्हा शाबित, आणि ही नोंद व्हर्जिनिया न्यू जर्सीच्या मोटर व्हेइकल कमिशनला पाठवतं. राज्याराज्यांत तसा करार आहे, ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट. जॉर्जिया, मिशिगन अशी थोडी राज्यं त्याच्या बाहेर आहेत, पण बाहेर आहेत म्हणून तिथलं तिकीट लपून राहतं असं समजू नका.

न्यू जर्सी अशा बाहेरच्या मूव्हिंग व्हायोलेशनला, म्हणजे गाडी चालवताना मोडलेल्या नियमाला, सरसकट २ पॉइंट लावतं. पॉइंट म्हणजे लायसन्सच्या नोंदीवर साठत जाणारे दोषाचे गुण. गंमत म्हणजे मर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल जास्त वेगाने न्यू जर्सीतच पकडले गेलात तर ४ पॉइंट. ३ वर्षांत ६ पॉइंट झाले की १५० डॉलर सरचार्ज (जादा आकार) आणि त्यापुढच्या प्रत्येक पॉइंटला २५. १२ झाले की लायसन्स निलंबित. एक वर्ष काही घडलं नाही तर ३ पॉइंट उतरतात. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर आणखी २ उतरतात, पण ही सोय पाच वर्षांतून एकदाच. इन्शुरन्सवाल्यांचा हिशेब निराळा असतो, त्यांचा हप्ता पॉइंट उतरले म्हणून आपोआप उतरत नाही.

मला तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘अरे, काही होत नाही.’ त्याच्यापुरतं ते खरं होतं. न्यूयॉर्क दुसऱ्या राज्यातल्या साध्या तिकिटाला पॉइंट लावत नाही. लावतं ते फक्त कॅनडातल्या ऑन्टारिओ आणि क्वेबेकमधल्या तिकिटांना. म्हणून सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, बाबा, तुझं लायसन्स कुठलं?

तुमच्या बाबतीत मला पॉइंटपेक्षा काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही वेग किती होता ते लिहिलेलं नाही. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, ८५ च्या वर गेलात की ते स्पीडिंग राहत नाही, रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं होतं. ७० च्या रस्त्यावर ८६ म्हणजेसुद्धा रेकलेस. आणि तो फौजदारी गुन्हा आहे, क्लास १ मिस्डिमीनर: १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड, कागदावर तरी. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असाल तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला मुंबईत जाताना डीएस-१६० ह्या व्हिसा अर्जात अटक किंवा शिक्षा झाली आहे का हा प्रश्न येतो, तिथे हे सांगावं लागतं. असं तिकीट असेल तर त्याच काउंटीत नेहमी उभा राहणारा वकील गाठा. बऱ्याचदा ते ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’वर आणता येतं, म्हणजे नुसता दंड. इमिग्रेशनच्या वकिलालाही एक फोन करा. तिथे काटकसर नको.

आणि तिकीट ड्रॉवरमध्ये टाकून विसरू तर अजिबात नका. त्यासाठी दुसरा करार आहे, नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट. तिकिटाला उत्तरच दिलं नाही तर ते राज्य तुमच्या राज्याला कळवतं आणि तुमचं राज्य लायसन्स निलंबित करतं. पार्किंगची तिकिटं ह्यात येत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एकाने पेनसिल्व्हेनियातलं तिकीट असंच सोडून दिलं. मध्यंतरी त्याने घर बदललं, पत्रं जुन्या अपार्टमेंटला जात राहिली. टेललाइट गेला म्हणून एका रात्री पोलिसाने थांबवलं तेव्हा कळलं की तो कित्येक आठवडे निलंबित लायसन्सवर गाडी चालवतोय. जुना दंड, लायसन्स परत मिळवायचे १०० डॉलर, आणि वर निलंबित असताना चालवल्याची नवी केस. पत्ता बदलल्याचं इमिग्रेशनला त्याने दहा दिवसांच्या आत कळवलं होतं. मोटर व्हेइकलला आठवड्यात कळवायचं असतं, ते राहिलं.

तेव्हा आधी तिकीट काढून त्यावरचा आरोप वाचा आणि कोर्टाची तारीख फोनमध्ये टाका. नुसतं स्पीडिंग असेल तर भरायचं की लढायचं हे तुमचे आधीचे पॉइंट किती आहेत त्यावर ठरवा. ते ड्रायव्हर अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे तुमच्या लायसन्सच्या नोंदींच्या उताऱ्यात, दिसतात; तो १५ डॉलरला मिळतो. माझी पाटी तेव्हा कोरी होती, म्हणून मी भरून मोकळा झालो.