नाद नाण्यांचा : ताई, तो सेंट घासायला नको होता!

मागच्या अंकात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांबद्दल दोन पॅरा लिहिले होते, वाटलं होतं चार-पाच जण वाचतील आणि विसरतील, तर इतके मेल आले की या वेळी शिवराईला, म्हणजे आपल्या जुन्या मराठी तांब्याच्या नाण्याला, सुट्टी, नुसती त्या मेलांतल्या प्रश्नांची उत्तरं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात, १७९३ ते १८५७ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेलं एक सेंटचं हे नाणं, निव्वळ तांब्याचं, आपल्या दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, वजन सुरुवातीला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास आणि १७९५ च्या शेवटापासून जवळपास अकरा, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. एका सेंटसाठी खिशाला भारीच की.

सासऱ्यांच्या डब्यात १८५१ चा मोठा सेंट मिळाला. अगदी काळपट होता म्हणून दिवाळीच्या आधी बाकीच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासला, आता मस्त चमकतोय. किंमत किती येईल? नातेवाईक म्हणतात लाखात जाईल. – एक वाचक, सिंहगड रोड

ताई, आधी पाणी प्या. लाखात नाही जाणार, घासला नसता तरी नसता गेला. १८५१ चे सेंट ९८ लाखांच्या वर पाडलेले आहेत, मोठ्या सेंटात सगळ्यात जास्त याच वर्षी, आणि साधारण वापरलेला असा नग तिकडे पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास मिळतो. त्यामुळे नुकसान झालंय ते पैशाचं कमी आणि नाण्याचं जास्त.

आपल्याकडे तांबं म्हटलं की घासायचंच, ही सवय हाडात आहे. पूजेचा तांब्या लखलखीत नसेल तर आई ओरडते, आणि ते बरोबरच आहे कारण भांडं रोज वापरायचंय. पण नाण्याच्या अंगावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जो थर चढतो, गुळासारखा, काकवीसारखा, कधी दुधाच्या चॉकलेटसारखा तपकिरी, तो मळ नव्हे, ती त्याची कातडी आहे. चिंचेतल्या आम्लाने ती सोलून निघते आणि खाली दिसतो तो गुलाबी रंग, नव्या वायरीसारखा. टांकसाळीतून बाहेर पडलेल्या नाण्याचा लाल रंग वेगळा असतो, त्याच्यावर धातू दाबला गेल्यामुळे एक फिरती चमक असते, ती एकदा गेली की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. तांबट आळीत जाऊन एकदा बघा, ठोकून तयार झालेल्या घागरीचा उजाळा आणि घरी घासलेल्या घागरीचा उजाळा, फरक बघताक्षणी कळतो. नाणेवाल्यांची नजर तेच बघते.

आता उपाय. काही लोक गंधकाचं काहीबाही लावून परत रंग चढवतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका, बहुतेक वेळा तो रंग काळाभोर नि मेलेला दिसतो. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन (खारटपणा राहिला असेल तर पुढे तो नाणं खातो), सुती कपड्याने न पुसता नुसतं टिपून, साध्या कागदी पाकिटात घालून कपाटात टाका आणि काही वर्षं विसरा. हळूहळू तपकिरी होईल. पूर्वीसारखा नाही, पण लाज वाटणार नाही इतपत. मी हे अनुभवाने सांगतोय, कॉलेजात असताना एक १८०३ चा सेंट मी टूथपेस्टने घासला होता, तो अजून माझ्याकडे आहे नि अजून मी तो कुणाला दाखवत नाही.

सर, एकच सेंट एकाने व्हीएफ-३० दर्जाचा सांगितला, दुसऱ्याने त्यालाच एफ-१२ म्हटलं. दोघंही वीस-वीस वर्षं जमवतायत. खोटं कोण बोलतंय? आणि हे आकडे सत्तरपर्यंतच का, शंभर का नाहीत? – एस. वाय. बी. एस्सी., नारायण पेठ

मित्रा, मला आवडलेला प्रश्न. दोघंही खरं बोलतायत.

आधी सत्तरचं. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने या सेंटांचा दर्जा ठरवायला ही मोजपट्टी काढली. हा पेशाने मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या अंगकाठीलाही नंबर द्यायचा, म्हणजे आकड्यांचं वेडच. त्याचं म्हणणं असं की १७९४ च्या साध्या जातीचा सेंट ओळखू येण्यापुरता उरलेला असेल तर त्याची किंमत एक डॉलर धरा, आणि सगळ्यात सुंदर, जसाच्या तसा असेल तर त्याच्या सत्तर पट. मधल्या पायऱ्यांनाही भावाप्रमाणे आकडे, गुड ४, व्हेरी गुड ८, फाइन (एफ) १२, व्हेरी फाइन (व्हीएफ) २० ते ३०, एक्स्ट्रा फाइन ४०, आणि टांकसाळीतून निघाला तसाच असेल तर ६० च्या पुढे. आकडा गुणिले मूळ भाव, झाली किंमत! पुढे बाजार असा काही उसळला की गुणाकार साफ कोलमडला, पण आकडे मात्र चिकटून राहिले, आणि आता अमेरिकेतलं सगळंच नाणं, चांदीचं असो सोन्याचं असो, या तांब्याच्या सेंटाच्या पट्टीने मोजतात. (याच शेल्डन महाशयांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून घेऊन तिथे आपले हलके ठेवले होते हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. ज्याने सगळ्यांना दर्जा ठरवायला शिकवलं त्याचाच दर्जा असा निघाला.)

आता तुझे दोघे. तांब्याच्या जुन्या नाण्यांवर जीव टाकणाऱ्यांची एक संघटना आहे अमेरिकेत, अर्ली अमेरिकन कॉपर्स, १९६७ पासूनची, ईएसी म्हणतात. त्यांची पद्धत दोन पायऱ्यांची आहे. पहिली शार्पनेस, म्हणजे फक्त झीज किती झालीय, नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या केसांच्या बटा किती दिसतात, खांद्यावरच्या वस्त्राच्या चुण्या आहेत का सपाट झाल्यात. इथे बाकी काही बघायचं नाही. मग दुसरी पायरी, त्यातून कापाकापी. पृष्ठभागावर बारीक भोकं आहेत, कापले. कडेला ठोका बसलाय, कापले. घासलाय, पुन्हा कापले. उरतं ते नेट. पुण्यातल्या आयटीवाल्याला एका वाक्यात कळेल, ऑफर लेटरवरचा पगार आणि इन-हँड पगार! तुझ्या सेंटाचं ऑफर लेटर ३० चं आहे आणि हातात १२ येतंय, एकजण तुला पहिलं सांगतोय नि दुसरा दुसरं.

त्याच्यावर आणखी एक शब्द लावतात, चॉइस, अ‍ॅव्हरेज किंवा स्कडझी. शेवटच्या शब्दाला आपला कळकट हा शब्द इतका फिट बसतो की भाषांतराची गरजच नाही.

मग नाण्याला दर्जा देऊन ते प्लास्टिकच्या डबीत सील करून देणाऱ्या कंपन्या, पीसीजीएस आणि एनजीसी, त्या नेट करत बसत नाहीत. घासलेलं किंवा खाल्लेलं असेल तर आकडा न देता 'डिटेल्स' लिहून देतात, म्हणजे व्हीएफ डिटेल्स, क्लीन्ड. आणि चांगलं असेल तर त्यांचा आकडा ईएसीवाल्यांपेक्षा बऱ्याचदा सढळ असतो. माझं मत विचारशील तर, डबीवरचा आकडा अंगठ्याने झाकून आधी नाणं बघायचं, रंग एकसारखा आहे का, कातडी अखंड आहे का, आणि मगच अंगठा काढायचा. गुळगुळीत तपकिरी एफ-१२ मी खडबडीत व्हीएफ-३० च्या आधी उचलेन, डोळे मिटून.

अजून एक. झीज ओळखताना सगळ्या सेंटांना एकच फूटपट्टी लावू नकोस. टांकसाळीत सुरुवातीला डाय, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारे ठसे, हाताने कोरायचे, त्यामुळे प्रत्येक डायचा चेहरा वेगळा, एखाद्या डायने आधीच पुसट छाप उमटवलेली असते नि आपण म्हणतो झिजलंय. १८०८ ते १८१४ चे तर तांबंच असं की गडद आणि भोकाळ नगच जास्त दिसतात, त्यातला स्वच्छ नग सापडला तर तो कमी आकड्याचा असला तरी उचलावा. आपण शिवराई बघताना 'श्री राजा शिव' पुसट असलं की आधी विचारतो ना, की ठसा नाण्यावर मुळात पूर्ण बसला होता का, तसंच हे. वर्षाच्या आत या डायच्या जोड्या (पुढचा एक, मागचा एक) ओळखायच्या, त्यांना शेल्डनचेच नंबर, आणि १७९४ च्या ४८ नंबरवर तर मागच्या बाजूला कडेच्या दातऱ्यांत ९४ बारीक चांदण्या आहेत, कुणी नि का घातल्या देव जाणे. पण हे व्यसन आहे, परीक्षा झाल्यावर सुरू कर.

मुलगा न्यू जर्सीला असतो. दर वर्षाचा एक सेंट असा संच करावा म्हणतो रिटायरमेंटनंतर. कुठून सुरुवात करू? – एक ज्येष्ठ वाचक, औंध

काका, उलट्या टोकाने. १८५७ पासून मागे मागे या. १८४० नि ५० ची दशकं स्वस्त आहेत, त्यात हात बसेल, डोळा तयार होईल. १८१६ ते १८२० ला पोचलात की एक गंमत भेटेल, तिथले काही सेंट चक्क लालसर चमकते मिळतात, कारण त्यांची एक अख्खी पिंपभर रास अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर जॉर्जिया राज्यात सापडली होती, रँडल होर्ड म्हणतात तिला. १८१५ शोधू नका. तो नाहीच. छाप मारायच्या तांब्याच्या कोऱ्या चकत्या इंग्लंडहून यायच्या आणि इंग्लंडशीच युद्ध जुंपलेलं, चकत्याच संपल्या.

त्या चकत्यांचा नि आपला संबंध आहे बरं का. बर्मिंगहॅमच्या ज्या मॅथ्यू बोल्टनकडून अमेरिकेला चकत्या जायच्या, त्याच्याच सोहो टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ ला तांब्याचे पैसे पाडून घेतले होते, एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू नि फारसी लिपीत 'अदल'. असला एखादा पैसा सेंटांच्या शेजारी ठेवा, संच आपला वाटेल.

१७९३, १७९९ आणि १८०४ ला मात्र संच अडकतो, ही सालं दुर्मिळ. १७९३ चा पहिला प्रकार, साखळीचा, फक्त ३६,१०३ पाडले. पंधरा राज्यांच्या पंधरा कड्या एकात एक गुंतवल्या होत्या, एकीचं चिन्ह म्हणून, तर लोक म्हणाले स्वातंत्र्यदेवीच्या पाठीवर बेड्या कसल्या, आणि साखळी जाऊन पुष्पमाला आली. झिजून सपाट झालेला साखळीवाला सेंटही हजारो डॉलरला जातो. तेव्हा ती तीन घरं रिकामी ठेवा आणि मुलाला सांगू नका, उगाच वाढदिवसाला नकली घेऊन येईल.

नि एक सावधगिरी, एकदा इकडे आणलेला सेंट ग्रेडिंगसाठी परत कुरिअरने तिकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि ते असं सहज देशाबाहेर पाठवता येत नाही. जे ग्रेड करून घ्यायचं ते मुलाने तिकडेच करून मग आणावं.

जुन्या बाजारात रविवारी १७९९ चा सेंट दोन हजाराला मिळाला! विकणाऱ्याला किंमत माहीत नव्हती बहुतेक. फोटो पाठवतोय. – वाचक, धनकवडी

विकणाऱ्याला माहीत होती, दादा. फोटोत शेवटच्या ९ भोवतीचा धातू खरवडल्यासारखा खडबडीत दिसतोय, आणि १७९८ च्या ८ चा ९ करणं हा जवळपास दीडशे वर्षं जुना धंदा आहे. तसा असला तर नशीब समजा, निदान १७९८ चा खरा सेंट हातात आहे. त्याहून वाईट म्हणजे हल्लीची ओतीव किंवा ठोकलेली नक्कल. आधी चुंबक लावा, चिकटला तर विषय संपला. मग सोनाराच्या काट्यावर वजन करा, १०.८९ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेलं असेल तर थोडं कमी, पण सात-आठ आलं तर घरी सांगू नका. कडेने भिंगातून फिरवून बघा, मधोमध जोडाची रेघ असेल तर दोन पापुद्रे चिकटवलेत. आणि खऱ्या १७९९ च्या डायच्या जोड्या दोनच आहेत, त्यांचे मोठे फोटो काढून अक्षर न अक्षर जुळवा. १८०४ ची तर एकच, त्याच्यात सालातला शून्य बरोब्बर मागच्या बाजूवरच्या 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'तल्या 'ऑफ'मधल्या ओ च्या पाठीमागे येतो, हे लक्षात ठेवा, पुढच्या रविवारी कामाला येईल.

पावसाळ्यात सेंटांवर हिरवं येतंय. अल्बममध्येच ठेवलेत तरी. – वाचक, कर्वेनगर

तरी नाही, अल्बममुळेच. मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते घाम सोडतं आणि तांब्यावर हिरवा चिकट लेप बसतो. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ना, त्यातलाच प्रकार. आजच बाहेर काढा, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडवा (नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल-अत्तर असतं, आणि खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ तर मुळीच नको), मग सुकवून कागदी पाकिटात. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि ते जेल जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी गरम करून परत घालायचं. कडक, खडबडीत हिरवा दाणा राहिलाच तर तो सुईने टोकरू नका, खाली खड्डा असतो. फोटो पाठवा, बघू.