नाना, पोटासाठी काय करता?

"किडनीचा त्रास निघालाय, आता खायचं तरी काय?" हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी माझ्यासारख्या आहारतज्ज्ञासमोर येऊन बसतो. पालेभाजीत पोटॅशियम, डाळीत प्रोटीन, भाकरीत फॉस्फरस, फळात साखर. एकेक पदार्थ वगळत माणसं शेवटी भात आणि साबुदाण्यावर येतात. वर "आता तर काहीच खात नाही, तरी रिपोर्ट वाईटच" असं म्हणून रडकुंडीला येतात. त्या सगळ्यांसाठी नानांची गोष्ट लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

नाना मंगळवेढ्याकडचे शेतकरी. वय चौसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात साठणारा कचरा, ३.२. किडनीच्या आजाराच्या पाच टप्प्यांपैकी चौथा. डायलिसिस अजून नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं ते पोटॅशियमसाठी. ते ५.० च्या आसपास थांबायला हवं, नानांचं ५.९ होतं. इतकं वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून डॉक्टर काळजीत होते.

पहिल्या भेटीत मी नेहमीचं विचारलं. दिवसभरात काय काय खाता? नानांनी शाळेत पाढे म्हणावेत तसं सांगितलं. सकाळी साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट न घालता. दुपारी भात आणि डाळीचं वरचं पाणी. संध्याकाळी टोस्ट. रात्री पुन्हा भात. भाजी बंद, फळ बंद, भाकरी बंद. पाणी दिवसाला दोन तांबे, मोजून.

"भाकरी कोणी बंद केली?"

त्यांनी खिशातून घडी घालून चुरगळलेला कागद काढला. दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं दिलेला. तो माणूस आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर होता. दुसऱ्याचा चष्मा लावून चालल्यासारखं नाना सहा महिने त्या यादीवर चालले होते. डायलिसिसवाल्याला लघवी फार होत नाही म्हणून पाणी मोजावं लागतं. नानांना लघवी व्यवस्थित होती, पायावर सूज नव्हती. डायलिसिसवाल्याला प्रोटीन जास्त लागतं, नानांच्या टप्प्यावर ते बेतानं घ्यायचं असतं. एकाची यादी दुसऱ्याला लावली की ती कित्येकदा उलटी पडते. हे मी समजावलं, नवा तक्ता लिहून दिला आणि मनात म्हटलं, सुटलं कोडं.

सुटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी पोटॅशियम ५.८. तक्ता घरी नेऊन देवासमोर ठेवलेला, खाणं जुनंच. विचारलं तर नाना म्हणाले, "तुम्ही सांगता ते खरं, पण भ्या वाटतंय."

माझी एक धारणा आहे आणि इतक्या वर्षांत ती पक्कीच होत गेली आहे. माणूस वागतो त्यामागे त्याचं म्हणून एक कारण असतं. ते कळल्याशिवाय दिलेला सल्ला देव्हाऱ्यातच राहतो. म्हणून त्या दिवशी तक्ता बाजूला ठेवला आणि एकच गोष्ट विचारली.

"नाना, पोट साफ होतं का?"

नाना खिडकीकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. अशा वेळी आपण बोललो की समोरचा सुटतो आणि गोष्ट आत राहते.

शेवटी काकूच म्हणाल्या, "चार-चार दिवस होत न्हाई ताई. लई कुथतात. मला बाहेर ऐकू येतं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"किडनीच्या डॉक्टरला पोटाचं काय सांगायचं?" नाना म्हणाले. "आन् किडनी गेली म्हणजे हे असं व्हणारच."

"मग पोटासाठी काय करता?"

"उष्णता हाय ती. रोज सकाळी एक शहाळं पितो. कधी दुपारी आणखी एक. पाणी तर प्यायचं न्हाई, मग निदान शहाळं. थंड असतंय."

मी पेन खाली ठेवलं. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ज्वारीच्या एका भाकरीच्या पिठात दोनशेच्या आसपास. ज्या भाकरीला घाबरून माणूस सहा महिने उपाशी राहिला, तिच्या दुपटी-तिपटीनं पोटॅशियम तो रोज सकाळी औषध म्हणून पीत होता. त्यानं लपवलं नव्हतं. मी "काय खाता" विचारलं होतं आणि शहाळं त्याच्या लेखी खाणं नव्हतंच, तो उपाय होता.

सगळी साखळी तिथे उलगडली. भाकरी-भाजी गेली, पाणी कमी झालं, म्हणून पोट अडलं. पोट अडलं म्हणून शहाळं आलं. शहाळ्यानं पोटॅशियम वाढवलं आणि अडलेल्या पोटानं ते बाहेर टाकायची वाटही अरुंद केली. धडधाकट माणसात पोटॅशियमचा जेमतेम दहावा हिस्सा शौचावाटे जातो, बाकी लघवीतून. किडनी थकत जाते तशी आतडी आपला वाटा वाढवतात, पार चौथ्या हिश्श्यापर्यंतही नेतात. म्हणजे बद्धकोष्ठता ही किडनीच्या माणसाची बाजूची तक्रार नव्हे. ती त्याच्या रिपोर्टातच शिरलेली असते.

नानांना हे पटलं, पण भाकरी पोटात जाऊन करते काय हे त्यांना कळेना. मी सांगितलं, आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. भाकरीतला, भाजीतला चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचा घास असतो. तो मिळाला की ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. मिळाला नाही की प्रोटीनच्या उरल्यासुरल्या अंशावर तुटून पडतात आणि त्यातून जे बनतं त्याची पुढे शरीरात इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट अशी विषारी द्रव्यं होतात. ती बाहेर काढायचं काम किडनीचं. तीच थकलेली. ही द्रव्यं रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतात, डायलिसिसलाही धड दाद देत नाहीत.

नाना ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे दाणा आपल्याला आन् कडबा त्यांना."

इतक्या वर्षांत मला याहून चांगलं सांगता आलेलं नाही. ज्वारी पिकवणाऱ्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. "आन् कडबा न्हाई टाकला तर जनावर दुसऱ्याच्या रानात घुसणारच की." तेव्हापासून मी प्रत्येकाला कडब्याचंच उदाहरण देते.

पण मला त्या दिवसाचं खरं आठवतं ते पुढचं. मी काकूंना विचारलं, भाकरी कराल ना? त्यांचे डोळे भरून आले. "काठवट माळ्यावर टाकलीया सहा महिने. हे समोर भात खाणार आन् मी भाकरी खाऊ व्हय?" दोघांचंही ताट रिकामं झालं होतं आणि आम्ही एकाचेच रिपोर्ट बघत होतो. आजार एकाच्या नावावर असतो, खाणं सगळ्या घराचं बदलतं. पुढच्या भेटीपासून मी दोघांसाठी मिळून बोलले, आणि तिथून गाडी चालायला लागली.

केलं काय, तर फार थोडं. शहाळं बंद. पाण्याचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नानांना तहानेनुसार प्यायची मुभा दिली. ज्वारीची एकच भाकरी, फक्त दुपारी. आठवड्यानं रात्रीही एक. चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं आणि माणूस घाबरून पुन्हा भातावर जातो, म्हणून सावकाश. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात तिनाच्या आत, साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. शिवाय मधुमेह्याची साखर साबुदाणा भराभर चढवतो, ते वेगळंच. फॉस्फरसची भीतीही काढली. धान्यातला फॉस्फरस निम्म्याहून कमी अंगी लागतो. कोला, प्रोसेस्ड चीज अशा पाकीटबंद गोष्टींत वरून घातलेला मात्र जवळपास सगळाच शोषला जातो.

भाजी दुधी, दोडका, पडवळ, कोबी यांपैकी. चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन मग फोडणीला. दुपारी अर्धं सफरचंद किंवा नासपती (पेअर). सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं शांत बसायचं, कळ असो-नसो, कारण पोटात काही गेलं की आतडी हलतात. नानांनी शेंगाचटणीचं भीत भीत विचारलं. मी म्हटलं, मीठ बेतानं घालून एक छोटा चमचा. पाच ग्रॅम शेंगदाण्यात पस्तीसेक मिलिग्रॅम पोटॅशियम, तेवढं चालेल. त्या चमच्यानं बाकी सगळा तक्ता पाळला गेला, असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी मात्र विचारल्याशिवाय करू नका. मॅग्नेशियम असलेली जुलाबाची किंवा आम्लपित्ताची औषधं, फॉस्फेटचा एनिमा, कमी सोडियमचं म्हणून विकतात ते मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. इसबगोल घ्यायचं तर पुरेशा पाण्याबरोबर, बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टर. आणि कमरख (स्टार फ्रूट) हे फळ किडनीच्या रुग्णानं तोंडालाच लावू नये, त्यातलं विष थेट मेंदूवर जातं.

दोन महिन्यांनी नानांचं पोटॅशियम ५.० आलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळीही बदलली होती, तेव्हा सगळं श्रेय भाकरीचं नाही. क्रिएटिनिन जवळपास तिथेच आहे. चोथ्यानं गेलेली किडनी परत येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण किडीगो (KDIGO) या किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही किडनीच्या रुग्णांनी वनस्पतीजन्य खाणं वाढवावं आणि कारखान्यातलं कमी करावं असंच सुचवलंय. मर्यादा रिपोर्ट बघून घालायच्या, ऐकीव यादीवरून नाही.

हा पोटाचा प्रश्न मी आता पहिल्याच भेटीत विचारते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही वजन-उंचीच्या आधी तो विचारायला लावते. तुम्हाला कोणी विचारला नाही तर तुम्ही स्वतः सांगा, किडनीच्या डॉक्टरांनाच सांगा.

मागच्या डिसेंबरात नाना आले ते काठवट माळ्यावरून उतरल्याची बातमी घेऊन. उठता उठता दारात थांबले.

"ताई, हुरडा आलाय रानात. चालंल का?"

काकू माझ्याकडे बघत होत्या, नानांपेक्षा जास्त आशेनं.

"या महिन्याचा पोटॅशियमचा कागद दाखवा," मी म्हटलं. "मग मूठ ठरवू. एक की दीड."