ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही, मग तिचा त्रिभुज प्रदेश कसा?

मिळत नाही हे खरंच. अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावणारी ही नदी बोट्स्वानात कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. बहुतेक पाणी वाफ होऊन उडून जातं, थोडं जमिनीत मुरतं.

खरी गंमत वेळेची आहे. अंगोलातला पाऊस जानेवारी-फेब्रुवारीचा, पण प्रदेश इतका सपाट की पाणी रांगत रांगत येतं. पूर शिगेला पोचतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे बोट्स्वानात ऐन कोरड्या दिवसांत! आजूबाजूचं सगळं सुकलेलं असताना इथे पाणी, म्हणून हत्ती, रानम्हशी, सिंह, रानकुत्री सगळे इकडेच. लेचवे नावाचं हरीण तर गुडघाभर पाण्यातून उड्या मारत पळतं.

इथली कित्येक बेटं वाळवीच्या वारुळांपासून सुरू झाली आहेत. वारुळाचा माथा पाण्याच्या वर राहतो, त्यावर झाडं रुजतात, बेट वाढत जातं. पाणघोडे रोजच्या ये-जा करण्याने पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवतात. मला विचाराल तर सिंहापेक्षा या वाळवीचं कौतुक जास्त व्हायला हवं.

2014 मध्ये ओकावांगोचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यादीतलं ते 1000वं स्थळ.