श्रवणयंत्र लावलेला विद्यार्थी आणि घाबरलेली छात्राध्यापिका

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सातवीच्या सराव पाठात श्रवणयंत्र लावलेल्या एका मुलाला प्रश्न विचारला. त्यानं भलतंच उत्तर दिलं, वर्ग हसला आणि उरलेला तास मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. मैत्रिणी म्हणतात, 'अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?' या मुलांना शिकवायची माझी वृत्तीच नाही का? की हे सोडून विशेष शिक्षणाचं बी.एड. करू?

उत्तर : एवढ्यावरून बी.एड. सोडू नका. तुमच्या पत्रात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. दिव्यांग मुलासमोर अवघडायला होणं ही भावना. त्याची जागा आपल्या वर्गात नाही, हे मत. आणि मला जमेल का, ही काळजी. छात्राध्यापकांची वृत्ती तपासणाऱ्या काही प्रश्नावल्यांतही हे तीन भाग वेगवेगळे मोजतात. तुमच्याकडे भावना आणि काळजी आहे. मत मैत्रिणींचं आहे. ते कायद्याशी जुळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं. निवड त्याची असते, शिक्षकाची नव्हे.

आता त्या तासाकडे वळू. मुलानं भलतं उत्तर दिलं, कारण बहुधा त्यानं भलताच प्रश्न ऐकला. श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं. ते आवाज मोठा करतं, पण त्यात पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा आवाजही आला. एक-दोन मीटरवरून बोललं तर शब्द पोचतात. फळ्याजवळून शेवटच्या बाकापर्यंत जाताना ते गोंगाटात विरतात. उरलेलं तो ओठांवरून जुळवतो. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात, किंवा खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात आणि चेहरा काळोखात गेला, की तेही संपलं.

म्हणून आधी लिहा, मग वळून बोला. त्याला दुसऱ्या रांगेत, कडेला बसवा, म्हणजे उत्तर देणाऱ्या मुलांचे चेहरेही दिसतील. मागच्या मुलाचं उत्तर तुम्ही पुन्हा सांगा. ओरडू नका, त्यानं ओठ वेडेवाकडे होतात. प्रश्न कळला नाही तर तोच शब्द चारदा न म्हणता वाक्य बदला. तास सुरू होण्यापूर्वी त्यालाच यंत्र काढून मुठीत धरायला सांगा: बहुतेक यंत्रं शिट्टी वाजवतात. वाजली नाही तर सेल तपासा. पुष्कळदा गोम तिथंच निघते! आणि 'समजलं का?' हे विचारूच नका. 'हो मॅडम' हे उत्तर त्याला पाठ असतं. 'काय करायचं ते सांग' म्हणा.

पुढचे चार पाठ त्याच वर्गावर मागून घ्या. पाठाच्या प्रत्येक टाचणात (लेखी आराखड्यात) एक ओळ वाढवा: या मुलासाठी काय बदललं. पाठानंतर दोन आकडे लिहा, त्याला किती प्रश्न विचारले आणि किती वेळा त्यानं स्वतःहून उत्तर दिलं. पहिला आकडा शून्य असेल तर अडचण त्याच्या कानात नाही. बी.एड.च्या समावेशक शाळेच्या (जिथं दिव्यांग मुलंही सगळ्यांबरोबर शिकतात) पेपरात उत्तम गुण मिळवूनही भीती तशीच राहते, कारण तिथं व्याख्या लिहायच्या असतात, मूल समोर नसतं.

चार पाठांनंतरही याच कामाची ओढ वाटली, तर विशेष बी.एड.चा विचार करा, पण भीतीवर उतारा म्हणून नव्हे. तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा असावा लागतो. श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता यांसारखं एक क्षेत्र निवडावं लागतं. नंतर परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. प्रवेशापूर्वी त्या संस्थेच्या त्याच क्षेत्राची चालू वर्षाची मान्यता तपासा, फक्त माहितीपत्रकावर विसंबू नका. प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ठरवलं. पदं भरण्याचा वेग मात्र वेगळी गोष्ट आहे, म्हणून आधी हातातलं बी.एड. पूर्ण करणंच शहाणपणाचं. सीटीईटीच्या (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या) बालविकास विभागात ३० पैकी ५ प्रश्न समावेशक शिक्षणावर असतात, तिथंही ही तयारी वाया जाणार नाही.

दुसऱ्या वर्षी १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, असते. हजेरीपटावर दिव्यांग विद्यार्थी असलेली शाळा मिळावी, असा अर्ज विभागप्रमुखांकडे शाळावाटपाची यादी लागण्यापूर्वीच द्या.