नेपाळहून आलेला आठवीतला मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही, त्याचं इंग्रजी वाढतंय की नाही हे कसं ओळखू?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये केस स्टडीला हा मुलगा मिळालाय, हातात तीन महिने आहेत आणि वही कोरीच आहे. मी म्हापशाजवळ हायस्कूलला इंग्रजी शिकवते, थेट असाच एक मुलगा माझ्याकडे होता म्हणून लिहितेय.

त्याचे बाबा कळंगुटला शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात, कुक. पहिले दोन महिने 'येस मिस', 'नो मिस' एवढंच. पहिल्या टेस्टनंतर मी रिमार्कमध्ये 'स्लो लर्नर' लिहून मोकळी झाले, आता आठवलं की लाज वाटते. कारण मधल्या सुट्टीत बघते तर पठ्ठ्या फुटबॉलवरून पोरांशी कोंकणीत भांडतोय, 'माका खबर ना' वगैरे अगदी झोकात! नेपाळी घरची, हिंदी येतच होती, आता कोंकणीही उचललेली, आणि मी त्याला स्लो म्हणतेय. तेव्हा नुसतं वर्गात बघू नका, ग्राउंडवर, कँटीनमध्ये, बालरथमध्ये (शाळेच्या बसमध्ये) पण कान द्या. नव्या भाषेत बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकत असतात, त्याला सायलेंट पिरियड म्हणतात. 'ओपन द विंडो' म्हटल्यावर तो स्वतःहून उठतो की शेजारच्याचं बघून उठतो, एवढं जरी तारीख घालून लिहिलंत तरी वही कोरी राहणार नाही.

आणि चुका मोजत बसू नका, त्या बदलतात कशा ते बघा. माझ्या वर्गातला तो मुलगा ऑगस्टमध्ये म्हणायचा 'आय नो गो'. दिवाळीच्या सुमारास 'आय डोन्ट गो', मग 'ही डोन्ट गो', आणि जानेवारीत एकदा 'ही डझन्ट गोज'. लाल पेनाने बघाल तर चारातली तीन चूकच, पण पोरगं कुठून कुठे आलं बघा. त्याहून मजा भूतकाळाची. आधी 'वेन्ट' बरोबर म्हणायचा, अचानक एक दिवस 'यस्टरडे आय गोड टू मार्केट', वर्गात हशा, गोड म्हणे गोड! मला वाटलं विसरला, पण तसं नव्हतं, आधीचं 'वेन्ट' नुसतं पाठ होतं, आता त्याला 'ईडी' लावायचा नियम सापडला होता आणि तो दिसेल त्या क्रियापदाला लावत सुटला होता. 'ही गोज'मधला 'एस' मात्र मातृभाषा कुठलीही असो, जवळपास सगळ्यांनाच उशिरा बसतो, त्यावरून त्याला जोखू नका. 'द'चंही तेच, नेपाळीत ते प्रकरणच नाही, आपल्याकडे तरी कुठेय.

बोलायला लागला की सगळे म्हणतील झालं, आलं इंग्रजी. तिथे फसू नका. कॅनडातल्या जिम कमिन्सनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला, पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरीत वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. आमचा हिरो कँटीनवाल्याशी इंग्रजीत हुज्जत घालायचा आणि सायन्सचा पेपर कोरा. एकदा मी त्याच्या वहीत 'फोटोसिंथेसिस'खाली देवनागरीत 'प्रकाशसंश्लेषण' लिहिलं, तर चेहराच खुलला, नेपाळीतही तोच शब्द आहे ना! पान, ऊन, हवा असं सगळं चित्र काढून बाण दाखवले त्याने. म्हणजे विषय डोक्यात होता, अडत होतं ते इंग्रजी. हे केस स्टडीत वेगळं लिहा.

मी आणखी एक करायचे, दर पंधरा दिवसांनी तेच एक चित्र, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पुढ्यात ठेवून दोन मिनिटं बोलायला सांगायचे आणि फोनवर रेकॉर्ड करायचे (घरच्यांना आणि हेडमास्तरांना आधी विचारा हां). तो बोलेल तसंच उतरवायचं, मनातल्या मनात दुरुस्त करून नाही, हा मोह फार होतो. पहिल्यांदा आलं 'फिश. वुमन. मनी.' फेब्रुवारीत त्याच चित्रावर 'द वुमन इज शाउटिंग बिकॉज दॅट मॅन नॉट गिव्ह मनी'.

तुमचे तीन महिने जूनमध्ये सुरू होत असतील तर वडील काय करतात ते आधी विचारून घ्या. पावसात शॅक बंद, कुटुंब गावी जातं, मूल उशिरा परततं आणि पहिला आठवडाभर इंग्रजी गंजल्यासारखं वाटतं. त्या आठवड्याचं रेकॉर्डिंग पहिलं सँपल म्हणून धरू नका.