‘मान सरळ ठेव’ म्हणण्याआधी

मुलाच्या डोळ्यात जन्मतःच काहीतरी कमी आहे असं कळलं की आईवडिलांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. आमचं काय चुकलं? आणि सवय लावून हे सुटेल का? ५ वर्षांच्या एका मुलाची आई हे दोन्ही प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पण पहिला प्रश्न तिने बराच वेळ ओठावर येऊ दिला नाही.

मुलगा डोकं सतत डाव्या खांद्याकडे झुकवून बघायचा. मानेचे व्यायाम झाले, मालिश झालं. घरात भिंतीवर तक्ता लावला होता. मान सरळ ठेवली त्या दिवशी एक चांदणी. चांदण्या काही जमेनात आणि मुलगा मात्र रडकुंडीला आलेला. अखेर ‘मानेत काही नाही, डोळे दाखवा’ असं सांगितलं गेलं आणि तिरळेपणाच्या डॉक्टरांनी निदान केलं: उजव्या डोळ्याचा एक स्नायू जन्मापासून दुबळा.

प्रत्येक डोळा फिरवायला ६ स्नायू असतात. त्यातला वरचा तिरका स्नायू, म्हणजे सुपिरिअर ऑब्लिक, जरा निराळा. तो खोबणीच्या मागच्या बाजूने पुढे येतो, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यात कूर्चेच्या कडीतून जातो आणि कप्पीवरून दोर वळावा तसा मागे वळून बुबुळाच्या बराच मागे डोळ्याला चिकटतो. एवढ्या वळणाच्या रचनेत जन्मतः फरक राहू शकतो. कुणाची कंडरा, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, सैल असते, कुणाची भलत्याच जागी चिकटलेली, क्वचित ती नसतेच. काही मुलांत त्या स्नायूला जाणारी नसच तयार झालेली नसते, म्हणून स्नायू बारीक राहतो. मग तो डोळा किंचित वर सरकतो आणि एकाची दोन चित्रं दिसू शकतात. डोकं विरुद्ध खांद्याकडे कललं की दुबळ्या स्नायूवरचा भार हलका होतो आणि चित्रं जुळतात.

हे सगळं सांगूनही आईचा चेहरा तसाच. पटलं ते तपासणीच्या खोलीत. डॉक्टरांनी मुलाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावून हातात चित्रांचं पुस्तक दिलं. दोन-तीन पानं उलटेपर्यंत मान आपोआप सरळ. पट्टी काढली, डोकं परत डावीकडे.

“म्हणजे तो मुद्दाम नाही करत?” आईने विचारलं. बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “मग आम्ही मान धरून सरळ करायचो, तेव्हा त्याला दोन-दोन दिसत असेल?” शक्य आहे, मी म्हटलं. तक्ता त्याच दिवशी उतरवायचं ठरलं.

मग तो दाबून ठेवलेला प्रश्न आला. “गरोदरपणी मी रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरवर काम करायचे.” त्याचा याच्याशी संबंध नाही. हे स्नायू गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच आकार घेऊ लागतात, आणि बहुतेक मुलांच्या घरात असं आधी कुणालाच नसतं. ही अपराधी भावना एका बैठकीत जात नाही, म्हणून मी तिला पुन्हा बोलावलं.

जुने फोटो जरूर घेऊन या, असं मी सगळ्यांनाच सांगते. याच्या सहाव्या महिन्याच्या फोटोतही डोकं कललेलं होतं. त्यावरून त्रास पहिल्यापासूनचा आहे हे कळतं. मान अचानक, नव्याने वाकडी झाली तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावं. आणि झुकणं आपसूक बंद झालं तरी पेढे वाटण्याआधी तपासणी करा. कधी कधी मेंदूने एका डोळ्याचं चित्र घ्यायचंच सोडलेलं असतं आणि तो डोळा आळशी होऊ लागतो, म्हणजे त्याची नजर कमी होऊ लागते.

शस्त्रक्रियेने नवा स्नायू मिळत नाही. सैल कंडरा आखूड करून किंवा विरुद्ध ओढणारा खालचा तिरका स्नायू सैल करून तोल साधतात. झुकणं जास्त असेल, मान आखडत असेल, चेहऱ्याची एक बाजू लहान राहू लागली असेल तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. या मुलाची दोन्ही डोळ्यांची नजर चांगली आहे, म्हणून सध्या फक्त ठरावीक काळाने मोजमाप. वर्गात त्याला मधोमध बसवावं आणि मानेवरून टोकू नये, एवढं बाईंना सांगायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं.